ठाणे आमचे, वाट त्यांची

आपल्या भाषेत आलेली दिशांची नावे माणसाच्या देहावरून पडलेली आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहावे. जे समोर ती प्राची, उजव्या हाताला ती दक्षिण आणि पाठीमागे राहिली ती पश्चिम. युरोपीय भाषांतील ‘ओरिएंट’ या शब्दाच्या मुळाशीही उगवता सूर्यच आहे. आधी दिशा जाणून घ्यावी आणि मग पाऊल उचलावे, ही शहाणीव दोन्हीकडची. ज्याला ही जाणीव उरत नाही त्यास आपण दिङ्मूढ म्हणतो. अलीकडे मात्र दिङ्मूढ होण्याचा प्रसंगच फारसा येत नाही. खिशातला दूरध्वनी ‘उजवीकडे वळा’ म्हणून सांगतो आणि आपण वळतो. घरी सुखरूप पोहोचतो. पण कोणत्या वाटेने आलो असे कोणी विचारले तर सांगता येत नाही.

हा विचार आमच्या डोक्यात येण्यास आमचा नातू कारण झाला. आमची कन्या स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे स्थायिक झाली आहे. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या नाताळच्या सुट्टीत तो महिनाभर बडोद्यास होता. त्याचे मराठी आईपुरते. म्हणजे जेवण, झोप, थंडी, शाळा एवढ्या विषयांत ते उत्तम चालते, आणि त्यापुढे गेले की मायलेकांना स्वीडिशचा आधार घ्यावा लागतो. आमचे स्वीडिश शून्य. पहिला आठवडा ‘काय खातोस’ आणि ‘बरे आहे’ यांवर निघाला. आठव्या दिवशी सकाळी आम्ही त्याला कामाठी बागेत फिरावयास नेले, तेव्हा फाटकातून आत शिरताच त्याने विचारले, ‘‘आजोबा, या बागेचा नकाशा आहे का? धावायचा नकाशा?’’

धावावयाचा नकाशा ही काय वस्तू आहे, हे त्याने आम्हांस बाकावर बसून समजावले. या खेळाचे नाव ओरिएंटीअरिंग. स्वीडनमध्ये शाळेत शारीरिक शिक्षणाबरोबर नकाशा आणि होकायंत्र शिकवितात. खेळाडूच्या हाती एक नकाशा देतात. त्यावर जांभळ्या शाईत एक त्रिकोण असतो, तेथून आरंभ. मग क्रमांक घातलेली वर्तुळे. शेवटी दुहेरी वर्तुळ, तेथे समाप्ती. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यबिंदूशी जमिनीवर केशरी-पांढरे निशाण टांगलेले असते. वर्तुळे सरळ रेषांनी जोडलेली असतात. परंतु ती रेषा म्हणजे वाट नव्हे, तो केवळ क्रम. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कसे जावे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. खेळाचा सारा प्राण एवढ्यात आहे.

पुढे आम्ही थोडे वाचन केले. या खेळाची पहिली सार्वजनिक स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेत, आजच्या ऑस्लोजवळ झाली. १९१९ साली स्टॉकहोमजवळ मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी दोनशेहून अधिक तरुणांना नकाशा देऊन रानात धाडले आणि स्वीडनमध्ये खेळाने मूळ धरले. १९६१ मध्ये कोपनहेगन येथे दहा देशांनी मिळून त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. रान नसेल तेथे बागेत आणि गल्लीबोळांतही हा खेळ होतो. त्यासाठी ४ हजारास १ अशा प्रमाणाचा मोठा नकाशा लागतो. त्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे चार मीटर. कामाठी बाग १८७९ सालची, एकशे तेरा एकरांची. या प्रमाणाने ती सारी एका ए-फोर कागदावर मावते.

नोकरीची तेहतीस वर्षे आम्ही ड्राफ्ट्समन म्हणून ट्रेसिंग पेपरवर वाकून काढली. टी-स्क्वेअर, रोटरिंग पेने, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडून काढणे आणि अमोनिया प्रिंटचा नाकात शिरणारा वास हे आमचे जग. तेव्हा ‘नकाशा नाही’ हे उत्तर देणे जिवावर आले. ‘‘नाही, पण काढू या,’’ असे म्हणून गेलो.

सुदैवाने त्यासाठी विकत काही घ्यावे लागले नाही. ओपनओरिएंटीअरिंग मॅपर नावाची संगणकाची आज्ञावली विनामूल्य मिळते. पाठीमागे उपग्रहाचे छायाचित्र पसरावे आणि त्यावर थर चढवीत जावे, ही तिची रीत आम्हांस ट्रेसिंग पेपरसारखीच वाटली. छायाचित्र झाडांखालचे दाखवीत नाही, म्हणून कागद घेऊन बागेत हिंडणे आले. नातू दूरध्वनीवर जागा घेई. परंतु दाट झाडीखाली ते यंत्र पाच-सात मीटर इकडेतिकडे सांगते आणि पाच मीटर म्हणजे आमच्या कागदावर सव्वा मिलिमीटर. ड्राफ्ट्समनला सव्वा मिलिमीटर झोपू देत नाही. मग आम्ही पावले मोजली. आमची जोडपावले शंभर मीटरला अडुसष्ट भरतात, नातवाची शहाऐंशी. दोघांचे मोजमाप जुळले की तो ‘हो’ म्हणे आणि आम्ही खूण करीत असू.

रंगांची भाषा प्रथम चमत्कारिक वाटली. मोकळी हिरवळ पिवळ्या रंगाने दाखवावयाची, आणि जिच्यातून सहज धावता येते ती झाडी पांढरी. झाडी जितकी दाट, तितका हिरवा गडद. पाणी निळे, चढउतार तपकिरी. भिंती, इमारती, खडक काळ्या-करड्या छटांत. फुलांचे वाफे ऑलिव्ह रंगाचे, म्हणजे त्यांत पाऊल टाकणे निषिद्ध. माळीबुवांस हे दाखविले तेव्हा त्यांनी मान डोलावली. जगातले सर्व नकाशे या एका गोष्टीसाठी तरी असेच असावेत, असा त्यांच्या चेहऱ्यावर भाव होता.

बँडस्टँड काढून झाला तेव्हा आम्ही सवयीने त्याखाली नाव लिहू लागलो. नातवाने हात धरला. ‘‘आजोबा, या नकाशात नावे लिहायची नसतात. जे दिसते तेच काढायचे.’’

वाचकहो, आम्ही क्षणभर थांबलो. वस्तुसंग्रहालयाची १८९४ साली पूर्ण झालेली इमारत, पुष्पघड्याळ, बँडस्टँड. यांतील प्रत्येक नाव आमच्या घरात चार पिढ्या उच्चारले गेले आहे. आम्ही या बागेला कामाठी बाग म्हणतो, शेजारी कमाटीबाग म्हणतात, फाटकावर सयाजीबाग आहे. सीमाभागातील आमच्या वाचकांना तर पाटीवरील नावाचे आणि लिपीचे मोल वेगळे सांगावयास नकोच. आणि येथे एक नकाशा असा, ज्यावर एकही अक्षर नाही. ठाण्यांचे वर्णनसुद्धा शब्दांत नसते, चिन्हांत असते. जपानी, फिनी आणि बडोदेकर मराठी माणसाने ते सारखेच वाचावे. प्रथम ते उणे वाटले. नंतर लक्षात आले की आमच्या आणि नातवाच्या मध्ये आठवडाभर जी भाषा आडवी येत होती, ती या कागदावर आडवी येत नव्हती. ‘येथून दिसते का?’ ‘भिंत ओलांडता येते का?’ एवढ्या प्रश्नांवर आमचे दोन-दोन तास जाऊ लागले, आणि त्या ओघात ‘कठडा’, ‘उतार’, ‘कोपरा’, ‘फट’, ‘आडोसा’ असे शब्द त्याच्या मराठीत कधी येऊन बसले ते कळले नाही.

नकाशा झाला, आता मार्ग आखावयाचा. त्यासाठी पर्पल पेन नावाची दुसरी विनामूल्य आज्ञावली आहे. तयार नकाशा तिच्यात घालावा, प्रमाण सांगावे आणि जेथे ठाणे हवे तेथे टिचकी मारावी. वर्तुळ उमटते, रेषा जोडली जाते, अंतर मोजले जाते, चिन्हांचा तक्ता आपोआप तयार होतो. इंग्रजीत ज्याला ‘कंट्रोल’ म्हणतात त्याला आम्ही घरात ‘ठाणे’ म्हणू लागलो. ठाण्यांना ही आज्ञावली ३१पासून सांकेतिक अंक देते, म्हणजे मार्गातील पहिला-दुसरा या क्रमाशी गोंधळ होत नाही. इंग्रजी अंकांत ६८ हा आकडा उलटा धरला की ८९ वाचला जातो; असे फसवे अंक टाळण्याची सोयही तीत आहे. आणि आम्हांस सर्वांत आवडलेली सोय अशी की, वर्तुळाची रेघ नकाशातील एखादी महत्त्वाची खूण झाकत असेल तर तेवढ्या जागी ती रेघ कापता येते. आखणाऱ्याची शाई जमिनीवर चढू नये, ही मर्यादा आमच्या जुन्या धंद्यातही होती.

परंतु टिचकी कोठे मारावी, हे आज्ञावली सांगत नाही. आमचा पहिला विचार निशाण झुडपात असे दडवावे की मुलांना शोधताना मजा येईल, असा होता. नातवाने तो साफ नाकारला, आणि पुढे वाचनात आले की नियमही त्याच्याच बाजूचे आहेत. ठाणे लपवावयाचे नसते. नकाशा बरोबर वाचून जो त्या जागी पोहोचला, त्याला निशाण दिसलेच पाहिजे. नशिबाचा भाग उरता कामा नये. कस शोधण्यात नाही, वाट ठरविण्यात आहे. म्हणून दोन ठाण्यांमधील टप्पा असा असावा की त्याला निदान दोन प्रामाणिक उत्तरे असतील. एक जवळची पण वळणावळणाची, दुसरी लांबची पण सोपी. ज्या वाटेने ठाण्याशी जावे त्याच वाटेने परतावे लागले, तर परतणारा येणाऱ्याला जागा दाखवून देतो, तोही अन्याय. मुलांसाठी मार्ग असेल तर हाताशी एखादी लांब खूण असावी, भिंत किंवा पायवाट, जिच्या कडेकडेने जाता येईल. आणि ठाण्यापलीकडे एखादी ठळक गोष्ट असावी, जी ‘तू पुढे आलास’ असे सांगून अडवील. हरवण्याची मुभा असावी, पण हरवण्याला कुंपण असावे.

येथपर्यंत सारे नातवासाठी चालले होते. त्यात आमच्या पुतण्याची मुलगी सामील झाली आणि प्रकरण गंभीर झाले. ती बारा वर्षांची. शाळा इंग्रजी, मैत्रिणी गुजराती, घरी मराठी. तिला शाळेची बस दारातून नेते आणि दारात सोडते. शिकवणीला वडील पोहोचवितात. आयुष्यात ती घरापासून शंभर पावले एकटी गेलेली नव्हती. यात तिच्या आईवडिलांना दोष देण्यासारखे काही नाही. आजच्या शहरात हेच रीतीचे आहे. पण तिने ‘‘मीही एकटीच धावणार,’’ असे म्हटले, तेव्हा पुतण्याचा चेहरा उतरला.

त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. बागेला लागून विश्वामित्री वाहते आणि विश्वामित्रीत मगरी आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या शहरातील रस्त्यांवर आल्या होत्या. आम्ही त्याला संगणकासमोर बसविले. नदीकडची सारी बाजू, प्राणिसंग्रहालय आणि रुळांची जागा जांभळ्या जाळीने बंद केली. शेवटचे ठाणेही काठापासून भरपूर आत ठेवले. मार्ग १.४ किलोमीटर, ठाणी नऊ. चुकल्यास काय करावयाचे, हेही ठरविले: वाहनांच्या आवाजाकडे चालत राहावे, फाटक येते. आमच्या सौभाग्यवतींनी प्रत्येकाच्या गळ्यात शिटी घालण्याची अट घातली. ती तर या खेळाची रीतच निघाली.

तरी पुतण्या म्हणाला, ‘‘काका, मी पाचव्या ठाण्यापाशी नुसता उभा राहतो. काही बोलणार नाही.’’

‘‘तू तेथे उभा राहिलास की तूच खूण होशील,’’ आम्ही म्हणालो. ‘‘ती नकाशा बघायची सोडून तुला शोधील.’’

तो काही बोलला नाही. पडद्यावरील पाचव्या वर्तुळाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, ‘‘बरे. पण समाप्तीपाशी मी.’’

निशाणे सौभाग्यवतींनी शिवली. जुन्या चादरीचा पांढरा आणि पेठेतून आणलेला केशरी, तीस सेंटिमीटरचे चौरस कर्णरेषेवर जोडून, तीन-तीनचे कंदील. ठाण्यावर पोहोचल्याचा पुरावा म्हणून प्रत्येक निशाणावर एक देवनागरी अक्षर लावावे आणि मुलांनी ते कार्डावर उतरवून आणावे, ही कल्पनाही त्यांचीच. नऊ अक्षरांचे मिळून एखादे वाक्य व्हावे असे त्यांना वाटत होते; पण मग चार ठाणी पाहून उरलेली पाच ओळखता येतील, असा आक्षेप नातवाने घेतला. तेव्हा ‘ळ’, ‘ण’, ‘झ’, ‘ढ’ अशी एकमेकांशी काही नाते नसलेली अक्षरे निवडली.

रविवारी सकाळी सात वाजता, बागेच्या व्यवस्थेची अनुमती घेऊन, निशाणे लागली. आधी नातू सुटला, पाच मिनिटांनी नात. ती झाडांआड गेली आणि आमचे काम संपले.

मार्ग आखणाऱ्याच्या वाट्याला यानंतर काय येते, हे मराठीने फार नेमके सांगून ठेवले आहे. त्याने वाट पाहावयाची. आपल्या भाषेत प्रतीक्षा करणे म्हणजे वाटेकडे पाहणे; येणारा जिकडून येईल तिकडे डोळे लावणे. फक्त येथे ती कोणत्या वाटेने येईल हे ठाऊक नसते. नातू एकोणीस मिनिटांत आला. तिसरे ठाणे त्याने ओलांडले होते, पुढची भिंत आडवी आली तेव्हा उमजून परतला. वीस मिनिटे झाली, बावीस झाली. पुतण्या उभा राहिला. सौभाग्यवती शिटी ऐकू येते का म्हणून मान वळवून बसल्या. चोवीस. आम्ही मनातल्या मनात प्रत्येक टप्पा चालून पाहत होतो. कोठे थांबली असेल, हे आम्हांस नकाशावर दिसत होते आणि तरी काही करता येत नव्हते. पुतण्याने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही त्याच्याकडे पाहिले नाही.

सत्ताविसाव्या मिनिटाला ती आली, पण जिकडे आम्ही सारे पाहत होतो तिकडून नव्हे. वडिलांनी विचारले, ‘‘कुठे अडकलीस?’’

‘‘अडकले नाही. दोनदा थांबले. नकाशा फिरवला, मग निघाले.’’

तिच्या कार्डावर नऊही अक्षरे होती, आणि नऊही शिरोरेषेवाचून, गुजराती वळणाची. नातवाने त्याची अक्षरे चित्रासारखी काढली होती, ‘ळ’ला तर डोळेच आले होते. सौभाग्यवतींनी दोन्ही कार्डे पाहिली आणि काही न बोलता आपल्या पिशवीत ठेवली.

मग दोघांनी लाल पेन्सिलीने आपापल्या वाटा नकाशावर काढल्या; ही या खेळातील जुनी चाल. चौथ्यापासून पाचव्यापर्यंत सरळ रेषेने ११० मीटर, मध्ये वाफे. आम्ही डावीकडून एक वाट आणि उजवीकडून एक वाट मनात धरली होती. नातू उजवीकडून गेला. ती दोन्हींकडून गेली नाही. दोन वाफ्यांमध्ये माणूस जाईल एवढी फट आहे. कागदावर ती जेमतेम अर्धा मिलिमीटर दिसते. जमिनीवर ती होती म्हणून आम्ही काढली होती. वाट म्हणून ती तिने वाचली. त्या लाल रेघेकडे पाहताना आम्हांस जे वाटले, ते तेहतीस वर्षांत कोणत्याही मंजूर झालेल्या नकाशाने वाटले नव्हते.

आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत कोकणातून येथे कारकुनीस आले. त्यांनी पुढच्यांसाठी काय ठेवले? दांडिया बाजारातील दोन खोल्या, एक तांब्याचे घंगाळ, घरात बोलावयाची भाषा आणि मुलामुलींना शिकविलेच पाहिजे हा हट्ट. ही त्यांची ठाणी. पणतू ट्रेसिंग पेपरवर वाकेल आणि त्याची मुलगी गोथेनबर्गला जाईल, ही रेघ त्यांनी आखली नव्हती, आणि आखली असती तर ती मोडली असती. आपल्यासारख्या बाहेर वसलेल्या घरांतून ‘मुलांचे मराठी कसे टिकणार’ ही चिंता नित्य असते. या पत्रिकेच्या पानांवरही ती पुनःपुन्हा येते. आम्हांसही ती आहे. परंतु आम्ही बहुधा मुलांसाठी वाट ठरवितो आणि ती सोडली म्हणून दुखावतो. खरे काम बहुधा दुसरे आहे. निशाण योग्य जागी, उघड्यावर, दिसेल असे टांगावे. नकाशा खरा काढावा, त्यात आपल्या सोयीची खोटी रेघ घालू नये. घातक काठ आधीच बंद करावा. आणि मग पाचव्या ठाण्याशी उभे राहू नये. शिरोरेषा नसली तरी अक्षर ‘ळ’च असते.

नातू जानेवारीत परत गेला. जाताना दोन्ही आज्ञावलींतील धारिका बरोबर घेऊन गेला. तेथील वर्गात कामाठी बाग दाखवावयाची आहे म्हणाला. येथे नातीने पर्पल पेन वडिलांच्या संगणकात घालून घेतली. मागल्या आठवड्यात तिने एक कागद आणून दिला. कोपऱ्यात ‘आजी-आजोबांसाठी’ असे लिहिलेले, या वेळी शिरोरेषेसह. लांबी सातशे मीटर, सहा ठाणी. त्यांतील तीन बाकांजवळ. चौथ्या टप्प्याला दोन वाटा दिसतात: एक पायऱ्यांची, जवळची, दुसरी वळसा घालून, सपाट. सौभाग्यवती म्हणतात पायऱ्या जमतील. आम्हांस वळसा बरा वाटतो. नातीला विचारले, तर ती नुसती हसली आणि काही सांगावयास तयार झाली नाही. येत्या रविवारी सकाळी सातला निघावयाचे आहे. शिट्या तिने शोधून ठेवल्या आहेत.